पहिलीच्या वर्गातला टेकू

खिळेमामाच्या खिशात कायम खिळे असत, म्हणून पोरांनी त्याला हे नाव ठेवलं. खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत. त्या प्राथमिक शाळेत तो एकतीस वर्षं शिपाई होता. घंटा देणं, पाणी भरणं, कागद पोचवणं ही त्याची कामं, पण जीव सगळा दुरुस्तीत. बाकावर वर आलेला खिळा दिसला की याचे हात शिवशिवायचे. सुट्टीच्या दिवशीही शिडी खांद्यावर टाकून हा आपला शाळेत.

"शाळेशीच लग्न करायचं होतं," बायको म्हणायची.

"तिची कौलं गळतात. तुझं तसं काही नाही," तो म्हणायचा.

आणि अशा माणसाच्या हातूनच शाळेचं वाटोळं व्हावं, याला काय म्हणायचं?

झालं असं की पाच वर्षांपूर्वी जुन्या शाळा पाडून नव्या बांधायची सरकारी योजना निघाली. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून कळलं. पाहुणा येणार तर घर आवरावं, एवढं मामाला ठाऊक. आठवडाभर खपून त्याने फुटकी कौलं बदलली, भिंतींच्या भेगा लिंपल्या, चुना मारला, लोंबकळणारी दारं सरळ केली. साहेब आले, खूश झाले, मामाची पाठ थोपटून 'इमारत सुस्थितीत' असं लिहून गेले. शाळा जितकी मोडकी तितके गुण जास्त, असा योजनेचा हिशेब होता. साठ गुण लागत होते. यांना मिळाले अठ्ठावीस. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्या दिवशी मामाला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चुना दोन वर्षांत उडाला. लाकडातली वाळवी मात्र मुक्कामालाच आली होती. चार वर्गांपैकी एकाला कुलूप लागलं, चौथी व्हरांड्यात बसू लागली. योजना पुन्हा निघाली तेव्हा मोठ्या बाईंनी मामाला खोलीत बोलावलं.

"मामा, साहेब येऊन जाईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. एक खिळासुद्धा ठोकायचा नाही."

"आणि पहिलीतली तुळई?"

पहिलीच्या वर्गाची तुळई भिंतीत शिरते तिथे पोखरली होती. तिथून निघालेली चीर मधल्या रांगेतल्या तिसऱ्या बाकाच्या वर आली होती.

"वर्ग बंद करू या का?" मामाने विचारलं.

"बंद वर्ग मोजत नाहीत. नव्या इमारतीत तेवढा कमी मिळतो. एक असाच गेलाय आपला. आणि पोरांना नेऊ कुठे, माझ्या डोक्यावर?"

बाई वाईट नव्हत्या. त्यांचीही इकडे आड, तिकडे विहीर. साहेब कधी येणार, तर केव्हाही, न कळवता. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे आठ झाले. मामा रोज सकाळी शिडी लावून चिरेच्या टोकाला पेन्सिलीची खूण करायचा, शेजारी तारीख लिहायचा. तिसऱ्या बाकावरची, पुढचे दोन दात पडलेली मुलगी मान वर करून बघायची.

"मामा, आम्ही भिंतीवर लिहिलं की बाई ओरडतात."

"मलाही ओरडतात," मामा म्हणायचा.

मोडकं असेल तर देऊ, पण ते मोडकंच ठेवा, आणि तोवर पोरंही त्याच्याखालीच बसवा! असला नियम करणाऱ्याला एकदा त्या तिसऱ्या बाकावर बसवायला हवं होतं. पण असली माणसं बाकावर बसत नाहीत.

एका सोमवारी चीर शनिवारच्या खुणेच्या चार बोटं पुढे गेलेली दिसली. मामाने कुणाला विचारलं नाही. अडगळीतला जाड वासा आणला, तुळईखाली उभा केला, बुडाशी पाचर ठोकून टेकू घट्ट बसवला. मोठ्या बाई दारापर्यंत आल्या, बघितलं आणि तशाच परत गेल्या. त्यानंतर तेरा दिवस मामा पोटभर जेवला.

चौदाव्या दिवशी साहेब आले. वयाने मामाच्या लेकीएवढे, बोलायला गोड.

"काका, टेकू दिसला तर मला 'डागडुजी झालेली' असं लिहावं लागेल. बारा गुण जातात त्यात. तुमची शाळा बसायची नाही यादीत. तेवढा काढा, फोटो घेतो, मग लावा परत."

मुलांना बाहेर काढलं. मामाने पाचर ठोकून सैल केली, वासा बाजूला घेतला. तुळई कुरकुरली. मूठभर भुसा तिसऱ्या बाकावर सांडला. फोटो निघाला, शाळेला चौसष्ट गुण मिळाले, आणि साहेबांची गाडी वळायच्या आत मामाने टेकू परत लावला.

महिन्याने मंजुरीचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं, तेव्हा मामाला भरून आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बाईंसमोर त्याने डोळे पुसले. मग बाईंनी दुसरं पान उलटलं आणि त्यांचा आवाज उतरला. काम सुरू व्हायला वर्ष लागेल. त्या वर्षात दुसरी तपासणी होईल, केव्हाही, न कळवता. इमारत फोटोत आहे तशीच आढळली पाहिजे. फरक दिसला तर नाव रद्द.

"म्हणजे टेकू..." मामा म्हणाला.

बाईंनी पत्राची घडी घातली. त्यांना वर बघवलं नाही.

टेकू मामानेच लावला होता, मामानेच काढला. दुसऱ्या दिवशी त्याने मधल्या रांगेतली मुलं भिंतीकडच्या बाकांवर दाटीवाटीने बसवली आणि तिसऱ्या बाकावर स्वतः जाऊन बसला. चीर हलली की ओरडून पोरांना बाहेर काढायचं, एवढंच आता त्याचं काम. घंटा मोठ्या बाई स्वतः द्यायला लागल्या.

निवृत्तीला सात महिने उरले होते. लेकीकडे राहायला जायचं, हे बायकोने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"तू पुढे हो," त्याने तिला सांगितलं. "मी वर्ष पुरं झालं की येतो."

"नोकरी संपल्यावर शाळेत करणार काय तुम्ही?"

"बसणार."

हा माणूस घरात जेवायलासुद्धा कधी धड बसला नव्हता.

वर्गात पाढे चालले होते. दात पडलेली मुलगी भिंतीकडून कुजबुजली, "मामा, ते माझं बाक आहे."

"माहीत आहे," मामा म्हणाला. "नव्या शाळेत परत देतो."

"बोलायचं नाही," पहिलीच्या बाई म्हणाल्या. "हाताची घडी, तोंडावर बोट."

सगळ्या वर्गाने हाताची घडी घातली. मामानेही घातली. खिशातले खिळे मांडीला टोचत होते, पण त्याने तुळईवरची नजर काढली नाही.