याला पाणी घालू नकोस

माझी धाकटी बहीण धुळ्याला होती आणि तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसभराचं पाणी तिला एका छोट्या बाटलीत भरून मिळायचं. उन्हाळ्यात ती त्या बाटलीकडे अशी बघायची की मला खोलीतून उठून जावंसं वाटे. तिच्या खिडकीत, उशापासून हाताच्या अंतरावर, एका तडा गेलेल्या लोणच्याच्या बरणीत एक झाड होतं. कुणीतरी डोंगरावरून आणून दिलेलं. बोटाएवढ्या जाडीच्या चौकोनी दांड्या, रंग राखाडी-हिरवा, पान म्हणून नाही. "हे माझ्यासारखंच आहे," ती म्हणायची. "पाणी दिलं की संपलं." त्याला फूल येतं का, त्याचं नाव काय, एवढं कळावं अशी तिची फार इच्छा होती. डायलिसिसहून परतली की पाठ टेकण्याआधी ती दांड्यांवर कळी शोधायची.

कळी आली नाही. बहीण गेली. शेवटी शेवटी ती पाणी मागत होती आणि मी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवत होते, कारण डॉक्टरांनी तेवढंच करायला सांगितलं होतं. तेराव्यानंतर तिच्या साड्या वाटल्या, औषधं टाकून दिली आणि ती बरणी मांडीवर घेऊन मी सिल्वासाला घरी आले. "याला पाणी घालू नकोस," तिने मला आधीच बजावलं होतं. "तू माया करायला जाशील आणि मारशील."

नवरा राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात, आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये, सोबत माझ्या सासूबाई. आमच्याकडे त्यांना आत्याबाई म्हणतात. सिल्वासाचा पाऊस खानदेशातल्या माणसाच्या कल्पनेबाहेरचा. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मी बरणी गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवली. तिथे पावसाचा शिंतोडासुद्धा येत नव्हता. घरात सगळ्यांना सांगितलं, याला हात लावायचा नाही.

तरी श्रावणात एक दांडी बुडापासून काळी पडली. दाबली तर आतून पिचपिचीत पाणी आलं. मग दुसरी. मी वेड्यासारखी फोटो काढत सुटले. झाडं ओळखणाऱ्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, तिथे टाकले. कुणी निवडुंग म्हणालं, कुणी शेर, एका बाईंनी नुसते हात जोडले. एकाने मात्र नीट लिहिलं: फुलाशिवाय सांगता येणार नाही, फूल आलं की फोटो पाठवा. म्हणजे नाव कळल्याशिवाय जगवता येत नाही आणि जगल्याशिवाय नाव कळत नाही! मी फोन सोफ्यावर आपटला. किलवणी नाक्यापुढच्या नर्सरीत बरणीच घेऊन गेले. नर्सरीवाल्याने वरूनच पाहिलं. "थोर है, बेन," तो निवडुंगाला म्हणतात तसं म्हणाला. " मरी जाय तो छोड दो, दूसरा दे दूँगा, मस्त फूलवाला." त्याचं काय चुकलं? त्याच्याकडे दुसरं होतं. मी गाडीत बसून रडले.

माती बदलली, वाळू घातली, हळद लावली. रोज सकाळी आधी बरणीशी जायचे. दांड्या एकेक करून बसत होत्या, आणि मला राहून राहून वाटायचं की मी तिला दुसऱ्यांदा घालवते आहे. माती हाताला ओली लागायची. ओल कुठून येते, ते कळेना. मी हवेला शिव्या घालत होते.

एका सकाळी डोकं दुखत होतं म्हणून कामाला गेले नाही. आत्याबाई आंघोळ करून गॅलरीत आल्या. रोजच्यासारखं तांब्याच्या तांब्यातून सूर्याला अर्घ्य दिलं, तुळशीला पाणी घातलं. मग तांब्यात उरलेलं पाणी, डोळे मिटून, हळूहळू, माझ्या बरणीत ओतलं.

मी किंचाळलेच. "आत्याबाई! अहो, मारलंत तुम्ही त्याला! कितीदा सांगितलं होतं! पालथ्या घड्यावर पाणी! उरलेलं पाणी मोरीत ओता, नाहीतर कुठेही ओता, इथेच कशाला?"

"मोरीत ओतायचं नसतं ते," त्या म्हणाल्या. "आन् उरलेलं नव्हतं. तिच्यासाठी ठेवत होते."

"कुणासाठी?"

"तुझ्या भैनीसाठी. पानी पानी करत गेली वं ती पोर. लेकरू नाही, बाळ नाही, कोन देईल तिला पानी? तिचं झाड आहे तर म्हटलं, तिला पोचेल. इथं तरी पिऊ दे."

तरी राग जाईना, हे खरं सांगायला हवं. मला त्या बाईला मिठी मारायची होती आणि तिच्या हातातला तांब्या भिंतीवर फेकायचा होता. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. सुरी आणली आणि बरणीशी बसले. काळं कापत गेले, कापत गेले. एका दांडीचं टोक तेवढं आतून कोरडं, हिरवं निघालं, करंगळीच्या पेराएवढं.

ते टोक फ्रिजवर वर्तमानपत्रात वाळवलं. कुंडीचा आता मला धसका होता. नवऱ्याने कारखान्यातून धागा संपलेला, शंकूसारखा पोकळ पुठ्ठ्याचा कोन आणला. पुठ्ठा ओल शोषून घेतो, तो म्हणाला. त्यात कोरडी वाळू भरून ते टोक खोचलं आणि कोन फ्रिजवरच, खिडकीच्या उजेडात ठेवला. आत्याबाई त्या बाजूला फिरकेनात. सकाळी तुळशीला पाणी घालून मुकाट्याने आत जायच्या. तांब्यात पाणी उरायचं, ते त्या देवापाशी झाकून ठेवायच्या. मला दिसायचं.

पुढच्या वर्षी पाऊस सरताना दांडीच्या शेंड्याला मोहरीएवढ्या गाठी आल्या. मी कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. एका सकाळी त्यातली एक उघडली होती. जांभळट तपकिरी, आत पिवळे पट्टे, पाच टोकांची, एवढीशी चांदणी. जवळ गेलं तर वास चांगला नव्हता. एक माशी येऊन बसली होती.

फोटो पाठवला. दुपारच्या आत साक्रीकडच्या एका निवृत्त मास्तरांचं उत्तर आलं. मी स्वयंपाकघरात आत्याबाईंना ते मोठ्याने वाचून दाखवलं: "ही माकडशिंग. आमच्या डोंगरात खडकांच्या फटीत असते. पाणी जास्त झालं तर सडते. ढोरं चारणारे लोक रानात पाणी मिळालं नाही की हिची दांडी चघळतात. तहान मरते."

शेवटचे दोन शब्द मी पुन्हा वाचले. डॉक्टरांनी तिला ते कधीच चघळू दिलं नसतं, हे मला कळतं. पण ते तिच्या उशाशी होतं. सगळा उन्हाळा, हाताच्या अंतरावर होतं, आणि ती त्याच्यात फूल शोधत होती. मी ओट्याला धरून खाली बसले आणि जे तेराव्यालाही आलं नव्हतं ते रडू आलं.

आत्याबाई देवापाशी गेल्या. झाकलेला तांब्या घेऊन आल्या आणि फुलापाशी क्षणभर थांबल्या.

"नका घालू," मी म्हणाले. "मरेल ते."

"त्याला नाही घालत." त्या माझ्याशेजारी गुडघे धरून बसल्या आणि तांब्या माझ्या तोंडाला लावला. "तिच्या वाटचं आहे. तू पी."

मी प्यायले. गळ्यावरून, पदरावरून सांडत होतं, तरी मी थांबले नाही, सगळं प्यायले.