एमआरआयमध्ये सापडलेले जंत

आमच्या सोलापूरच्या एमआरआय सेंटरमध्ये एक कपाट आहे. पेशंट न्यायला विसरलेल्या फिल्म त्यात पडून असतात. किश्श्यांचंही तसंच. न्यायला कुणी येत नाही आणि टाकवतही नाहीत. मी इथला जुना टेक्निशियन. मेंदूत जंत निघाल्याचे तेवढे सांगतो.

*

फिट आली म्हणून मार्केट यार्डातले एक शेठ आले. घर पक्कं शाकाहारी. आमच्या सरांनी, म्हणजे रेडिओलॉजिस्टनी, स्कॅन बघून सांगितलं, "मेंदूत टेपवर्मचं पिल्लू आहे."

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत न्हाय!" शेठ भडकले.

"न धुतलेल्या भाजीवरून जंताची अंडी येतात," सर थंडपणे म्हणाले.

शेठनी दार लोटलं, खुर्ची पुढं ओढली. "डॉक्टर, मुलीच्या लग्नाची बोलणी चाललीत. जंत नका लिहू. ट्यूमर लिहा की, चालंल!"

*

कुर्डुवाडीचे रेल्वेतले एक काका. सरांनी त्यांना स्क्रीनवरचा पांढरा ठिपका दाखवला. "हे जंताचं डोकं. आता तो जायला टेकलाय, म्हणून जास्त त्रास देतोय."

काका म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय. हापिसात माझ्याबद्दल हेच बोलत्यात!"

*

हे सगळं बघून आमच्या स्टाफनं कच्ची कोथिंबीर सोडली. सर मात्र रोज संध्याकाळी गाड्यावरची भेळ खातात, वर मूठभर कोथिंबीर घालून. मी एकदा म्हणालो, "सर, निदान तुम्ही तरी!"

"घाबरतोस काय? मशीन घरचंच आहे!"

असा माणूस. एकदा लिहिलेला रिपोर्ट सर बदलत नाहीत. माझ्यासमोर एकदाच बदलला.

*

सांगोल्याकडचा एक मेंढपाळ बायकोला घेऊन आला. तिला डोकेदुखी, उलट्या, आणि चालताना ती सारखी डावीकडं जायची. स्कॅनमध्ये पाण्यानं भरलेली मोठी गाठ दिसली. सरांनी लिहिलं, ट्यूमर, बहुधा कॅन्सरचा. बाईचा भाऊ भिंतीला टेकून रडायला लागला. मेंढपाळ स्क्रीनकडंच बघत राहिला.

"सायेब, ह्यो कॅन्सर न्हाय. आमची मेंढरं अशीच एका अंगाला गोल फिरत्यात. मेल्यावर डोस्कं फोडलं की हीच पिशवी निघती. आत तांदळावानी दाणं."

मला वाटलं, सर आता याला बाहेर काढतात. सरांनी चित्र मोठं केलं. पिशवीच्या आत, कडेला, बारीक दाणे होते!

सरांनी रिपोर्ट फाडला आणि सर्जनना फोन लावला. "मेंढ्यांतला टेपवर्म वाटतोय. माणसात मी अजून पाहिलेला नाही. पिशवी फोडू नका, अख्खी काढा."

अख्खी निघाली. दाण्यांसकट.

काही आठवड्यांनी दोघं दाखवायला आली. बाई सरळ चालत होती. सर कधी नव्हे ते दारापर्यंत सोडायला आले. मेंढपाळ बायकोच्या मागं, नजर तिच्या पावलांवर. ती गेटबाहेर पडली आणि डावीकडं वळली.

तो जागच्या जागी थांबला. सरांचाही चेहरा उतरला.

तिनं मागं वळून पाहिलं. "आवं, थांबलासा का? एस्टी स्टँड हिकडंच हाय की!"