सव्वीस जानेवारीचं गाऱ्हाणं

देवाशी बोलायचा अधिकार आपल्याला आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता ते आठवलं की मान खाली जाते. आमचं मूळ कोकणातलं. वडील गिरणीत होते, गिरण्या गेल्यावर आम्ही मुलुंड पूर्वेला आलो. आमच्या सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असते आणि आरतीआधी गावच्या रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं घातलं जातं. एकाने हात जोडून घराघराचं मागणं देवापुढे मोठ्याने बोलायचं आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. आधी हा मान वडिलांचा होता, त्यांच्यानंतर माझा झाला. माझा आवाज चांगला आहे. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

माझी मुलगी श्रुती इंजिनिअरिंगला गेली त्या वर्षापासून गाऱ्हाण्याचं शेवटचं मागणं तिचं असे. "बा महाराजा, माझी लेक पहिल्या वर्गात पास होऊन इंजिनिअर होऊ दे, घराण्याचं नाव वर काढू दे रे महाराजा." अख्खं पटांगण होकार द्यायचं. पहिल्या वर्षी ती लाजून हसली. दुसऱ्या वर्षी खाली बघत राहिली. तिसऱ्या वर्षी ती मागे जिन्यापाशी उभी होती आणि तिचे ओठ हलले नाहीत. ते मी पाहिलं होतं. घरी आल्यावर मी तिला बोललोसुद्धा, की देवासमोर एवढा ताठा बरा नाही.

तिला चार विषयांत केटी लागली होती, म्हणजे चार विषय राहिले होते, आणि तिने ते आम्हाला सांगितलं नव्हतं. चौथ्या वर्षाच्या दिवाळीनंतर ती बदलली. जेवण कमी झालं, मैत्रिणींचे फोन उचलणं थांबलं. मग जानेवारीत अचानक शांत झाली. खिडकीत तिने निवडुंगाच्या अकरा कुंड्या जपल्या होत्या, त्या सगळ्या शेजारच्या शहाभाभींना देऊन आली. आवडीचे कानातले मामेबहिणीला दिले. "मला आता लागणार नाहीत," म्हणाली. बायकोच्या मनात पाल चुकचुकली, पण मी तिला गप्प केलं. मी म्हणालो, पोरगी मोहातून सुटते आहे, अभ्यासाला लागली आहे. इतकी वर्षं पोथ्या वाचून मला एवढंच कळलं होतं. लेक आवराआवर करत होती आणि मी त्याला वैराग्य म्हणत होतो.

त्या वर्षी पूजेला तळमजल्यावरच्या सावंतांकडे एक पाहुण्या होत्या, त्यांच्या सुनेची आजी. जन्मभर पालिकेच्या इस्पितळात आया म्हणून काम करून त्या कुडाळकडे जाऊन राहिल्या होत्या. खरं तर आदल्याच दिवशी त्या गावी परतायच्या होत्या, पण पतवंडाला ताप आला म्हणून तिकीट रद्द केलं. कथा चालू असताना त्या मागे बसून प्रसादाचे द्रोण भरत होत्या, आणि त्यांच्या शेजारी श्रुती.

कथा संपली, मी गाऱ्हाणं घातलं. शेवटचं मागणं नेहमीचंच, या वेळी जरा जास्तच रंगवून. श्रुती उठली आणि वर निघून गेली. मी आरतीचं ताट हातात घेतलं तोच आजी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"झिला, गाराणा देवाक घातलंस काय चेडवाक?"

गाऱ्हाणं देवाला घातलंस की लेकीला, असं त्या विचारत होत्या. मला राग आला. लोक खोळंबले होते. त्या मात्र हलल्या नाहीत. श्रुती तासभर त्यांच्याशी बोलली होती, कुंड्या वाटल्याचं सांगितलं होतं, आणि बोलताना पुढच्या महिन्याचं काहीच बोलत नव्हती. अशी माणसं मी इस्पितळात बघितली आहेत, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आत्ता वर जा. सरळ इचार तिका, जीव नकोसो झालो हा काय म्हणान. इचारल्यान कोण मराक जाणा नाय."

मी देवासमोरून आरती न करता कधी उठलो नव्हतो. त्या दिवशी ताट सावंतांच्या हातात दिलं आणि तीन मजले चढलो. चढताना एकच भीती होती, की असलं अभद्र बोललो तर तेच तिच्या डोक्यात शिरेल.

ती पलंगावर बसली होती. मी खाली फरशीवर बसलो. शब्द जुळवता येईनात, म्हणून आजींचेच शब्द वापरले. "श्रुती, तुला जीव नकोसा झालाय का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो बाबा. खूप दिवस झाले." आणि लहानपणी रडायची तशी रडली.

खाली आरती सुरू झाली होती. मी उपदेश केला नाही, आणि आयुष्यात तेवढं एक शहाणपण मला त्या क्षणी सुचलं. चार केटींचं सांगितलं तेव्हाही मी फक्त तिचा हात धरून होतो. ती म्हणाली, "झोपेत मला सगळ्यांचं होय महाराजा ऐकू येतं, बाबा." मी तिची क्षमा मागितली.

बायको आली. त्या दिवसापासून आम्ही तिला एकटं सोडलं नाही. सुट्टीमुळे दवाखाने बंद होते, पण पालिकेच्या इस्पितळात डॉक्टर असतात हे आजींना ठाऊक होतं. त्या स्वतः रिक्षात बसून आमच्याबरोबर आल्या, वाटभर श्रुतीचा हात मांडीवर घेऊन. पुढे मानसोपचार सुरू झाले, गोळ्या, दर आठवड्याला बोलणं. कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी वर्षभराची सुट्टी मिळवून दिली. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, अशा गोष्टीला एकच कारण नसतं, हा आजारही असतो, आणि तो बरा होतो. त्यांनी माझं ओझं हलकं करायला सांगितलं असेल. थोडं हलकं झालं, सगळं नाही.

मधले काही महिने कठीण गेले. एखादा दिवस पुन्हा अंधारून यायचा. पण आता ती सांगायची, "आज बरं नाही, बाबा," आणि मी ऑफिसातून निघायचो. जूनमध्ये शहाभाभींनी अकराही कुंड्या परत आणून दिल्या. म्हणाल्या, "मी तर सांभाळायला घेतल्या होत्या." त्यातल्या एकीला फूल आलं होतं.

आजी गावी गेल्या. मी फोनवर आभार मानायला लागलो तर म्हणाल्या, "मी काय केलंय? इचारलंय." पतवंडाच्या तापामुळे त्या थांबल्या की थांबवल्या गेल्या, यावर मी वाद घालत नाही. दिवा लावताना एक नमस्कार कुडाळच्या दिशेने करतो, एवढंच.

पुन्हा सव्वीस जानेवारी आली. गाऱ्हाण्यात तुझं नाव घेऊ का, असं मी श्रुतीला विचारलं. ती म्हणाली, "नको. मीच घालते." आमच्याकडे कुणा बाईने गाऱ्हाणं घातलं नव्हतं. सावंतांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "घाल गो, आवाज चढव पण."

तिने हात जोडले. आवाज आधी कापरा होता.

"बा महाराजा, ह्या सोसायटीत कुणाला जीव नकोसा झाला असेल, तर त्याला कुणीतरी विचारू दे रे महाराजा."

"होय महाराजा."

"ज्याला विचारलं, त्याला खरं सांगायची ताकद दे रे महाराजा."

"होय महाराजा."

"आणि माझ्या दोन केटी राहिल्या आहेत. सुटल्या तर बरं. नाही सुटल्या, तरी बाबांच्या हातचा सकाळचा चहा मला मिळत राहू दे रे महाराजा."

पटांगण हसलं आणि त्याच हसण्यात पूर्वी कधी ऐकला नव्हता एवढा मोठा होकार उठला. त्या दिवशी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागच्या रांगेत उभा होतो. देवाने काय द्यायचं ते मी त्याला सांगत आलो होतो, वडिलांनंतर होकार देण्याचं काम कधी माझ्या वाट्याला आलंच नव्हतं. डोळे भरले होते, तिची पाठ नीट दिसत नव्हती. पण आवाज मी चोरला नाही. सगळ्यांच्या मागून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणालो, होय महाराजा.