एकदाच विचारलं

समाजसेवेची मला कधीच हौस नव्हती. ऑफिसात वर्षाला काही दिवस स्वयंसेवेची रजा मिळते, ती वाया जाऊ नये म्हणून मी इथे आयर्लंडमध्ये, आमच्या जवळच्या स्वोर्ड्स गावातल्या एका छोट्या संस्थेकडे नाव दिलं. घर नाही म्हणून हॉटेलच्या एकेका खोलीत राहणारी कुटुंबं इकडे बरीच आहेत. त्यांच्या मुलांना ही संस्था उन्हाळ्यात पाच दिवस कॅम्पला नेते, ॲथलोनच्या पुढे, तळ्याकाठी. मुलांशी माझं फारसं जमत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. म्हणून मला फोनचं काम मिळालं. यादीतल्या आईबापांना फोन लावायचा, जागा आहे म्हणून सांगायचं, होकार आला तर बरोबरची खूण, नकार आला तर फुली. फुली पडली की जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. हो-नाहीचं काम मला आवडतं.

यादीत एक बारा वर्षांची मुलगी होती. कॅम्प बारा वर्षांपर्यंतच, त्यामुळे तिचं हे शेवटचं वर्ष. संस्था चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेनं तिच्या नावापुढे तसं लाल पेनानं लिहिलंही होतं. तिच्या आईला मी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. सगळं नीट सांगितलं. बस हॉटेलच्या दारातून सुटेल, खाणंपिणं तिथेच, खर्च काही नाही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग बाई म्हणाली, "आह नो, यू आर व्हेरी गुड. वी आर ग्रँड." आमच्यापेक्षा गरजू असेल त्याला द्या, असंही म्हणाली.

ग्रँड म्हणजे इथे भव्यबिव्य काही नाही. ठीक आहे, चाललंय, नको, यांतलं काहीही. मी आभार मानले आणि फुली मारली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

असं का केलं, तर त्याला एक लाडू कारण आहे. इथल्या माझ्या पहिल्या दिवाळीत ऑफिसमधल्या एका मुलीपुढे मी बेसनाचा लाडू तीनदा धरला. ती तीनदा नको म्हणाली. मी आपली चौथ्यांदा "अगं घे गं" थाटात उभी. मॅनेजरनं बाजूला घेऊन अगदी गोड शब्दांत समजावलं की इथे नाही म्हणजे नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी कुणालाही, काहीही, एकदाच विचारते. घरी आलेल्यांना चहासुद्धा. आमच्या मराठी मंडळात यावरून माझी टर उडवतात, हिच्याकडे जाताना जेवूनच जा म्हणतात. मला उलट अभिमान होता.

सासूबाई तेव्हा उन्हाळ्यापुरत्या आमच्याकडे आल्या होत्या. त्या नागपूरकडच्या. फोनला दोन दिवस झाले असतील, पोळ्या लाटता लाटता त्यांनी माझ्या त्या कामाचं विचारलं. मी सहज या बाईचंही सांगितलं. त्यांचं लाटणं थांबलं.

"कितीदा इचारलं तिले?"

"एकदा. आई, इथे लोक स्पष्ट बोलतात."

"पोरीले फुकट नेतो म्हनलं, अन् माय एका झटक्यात हो म्हनन? लाज नाही वाटनार तिले? काहून ठेवला व तू फोन?"

मला राग आला. इंग्रजीचं एक वाक्य न येणारी, सुपरमार्केटच्या पलीकडे न गेलेली बाई मला आयर्लंड शिकवत होती. आणि तिचं बरोबर असणार हे मला तिथल्या तिथे कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुन्हा फोन लावला. त्या जागेचं परत एकदा विचारावं म्हटलं, एवढंच बोलले. या वेळी शांतता नाही. "जागा आहे अजून?" बाईनं इतक्या घाईनं विचारलं की मी पाहून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

जागा आदल्या संध्याकाळीच गेली होती, त्याच हॉटेलातल्या एका सात वर्षांच्या मुलीला. बसमध्ये सीट नाही, तिथे खाटा मोजक्याच, असं शिक्षिका म्हणाल्या. मी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. तिन्ही वेळा त्यांचं उत्तर तेच होतं. मग त्या आईला मी तिसरा फोन केला, तर तीच माझी समजूत काढत बसली, मनाला लावून घेऊ नका म्हणून. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बस निघायच्या दिवशी माझं तिथे काही काम नव्हतं. तरी गेले. हॉटेलच्या दारात यादी हातात घेऊन उभी राहिले. एक उंच, काटकुळी मुलगी एका लहानगीला हाताला धरून घेऊन आली. लहानगीची बॅग हिच्या खांद्यावर. मी नाव विचारलं, तिनं सवयीनं स्वतःचं सांगितलं आणि लगेच म्हणाली, "मी नाही, ही जाणार आहे. हिच्या आईकडे बाळ आहे, म्हणून मी आले." नाव मी ओळखलं. त्याच्यावरची फुली माझ्याच हातची होती.

लहानगी रडत होती. मोठीनं तिला खिडकीशी बसवलं, पट्टा लावला, कानात काहीतरी सांगून हसवलं आणि खाली उतरली. बस वळणापलीकडे गेली तरी आम्ही दोघी तिथेच.

"तिथे होड्या असतात म्हणे," ती म्हणाली. "खऱ्या?"

"खऱ्या."

"आणि मुलांना वल्हवू देतात?"

"हो, देतात," मी म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं हे मला सुचेपर्यंत ती आत लिफ्टपाशी पोचली होती.