उजव्या दिव्याची रेघ

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सांजवेळी, सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, मागच्या भिंतीवर माझ्या भावाच्या मोटारीच्या उजव्या दिव्याचा उजेड पांढऱ्या रेघेपेक्षा एक बोट वर पडला. भाऊ त्यानंतर सात महिन्यांनी गेला.

तो त्या प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्याचा मास्टर होता. कापडाच्या कोणत्या लॉटला किती रंग, किती मीठ, हे तो ठरवायचा. मोटार पन्नास वर्षांची, आधी शेठची. शेठने नवी घेतली तेव्हा भावाने ती मागून घेतली. नवागामच्या आमच्या गल्लीत ती शिरत नसे, म्हणून कारखान्याच्या आवारातच उभी असायची.

धुळ्याकडे गावी जायचं असलं की तो आधी दिवे जुळवून घेई. नवापूरच्या पुढे अंधारात समोरच्या ट्रकने डोळ्यांना त्रास होतो म्हणून डिपर मारला, तर त्याला ती शिवी वाटे. पुढचे दहा मैल तो बोलत नसे.

दिवे जुळवायची पद्धत ठरलेली होती. चारही चाकांत हवा सारखी. गाडी सपाट काँक्रीटवर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर. दिव्याच्या मध्याची उंची मोजायची आणि भिंतीवर तिच्या दोन इंच खाली आडवी रेघ ओढायची. एका दिव्यावर गोणपाट टाकायचं, दुसऱ्याचा उजेड रेघेला लागेपर्यंत वरचा स्क्रू फिरवायचा. त्या वेळी चालवणारा माणूस जागेवर बसलेला पाहिजे. तो बसला की जुन्या स्प्रिंगा दबतात आणि उजेड तेवढा खाली येतो. आमचा उजेड भावाच्या वजनावर बसवलेला होता. तीन वर्षांत तो हलला नव्हता.

त्या संध्याकाळी गॅरेजच्या गुजराती मिस्त्रीने आधी हवा पाहिली. मग फूटपट्टी. मग खिडकीत वाकून भावाकडे पाहिलं.

"शुं मास्टर, भाभी खावा नथी आपती? वाळलात की."

"दिवाळीचा फराळ होऊ द्या. भरून येतो की नाही बघा."

"तो स्क्रू फेरवुं?"

"नको. हात लावू नका."

मिस्त्री हसला आणि पाना पिशवीत टाकला. मी गोणपाट धरून उभी होते. भावाच्या कमरेचा पट्टा नव्या भोकात होता, ते मला तेव्हा दिसलं.

माघात भाचीचं, भावाच्या मुलीचं, लग्न ठरलं. वैशाखातली तारीख निघाली, लग्न गावी. मुलीला आपल्या गाडीतून नेणार, हे भावाने सुपारीच्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवे पाहायचे ठरले. मी डबा घेऊन गेले होते. मिस्त्री अजून आला नव्हता. भाऊ चालकाच्या सीटखाली काहीतरी सारत होता. प्लॅस्टिकची पोतडी होती, तोंड सुतळीने बांधलेलं. आत मीठ होतं, कापड रंगवताना घालतात ते.

"हे काय, दादा?"

"काही नही."

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"लगीन होऊ दे ना वं."

"वहिनीला सांगते मी."

"तू सांगशी, मंग ते लगीन पुढे ढकलतीन. तवलग मी जित्ता ऱ्हासू का?" पोतडी आणखी आत सारत म्हणाला, "कोणले सांगू नको. मन्ही आण शे तुले."

मिस्त्री आला. भाऊ सीटवर बसला. उजेड रेघेवर पडला, तंतोतंत.

"जोयुं, बघितलंत? फराळ लागला मास्टरला," मिस्त्री म्हणाला. भाऊ मोठ्याने हसला. हसताना त्याला खोकला आला आणि त्याने हॉर्न वाजवला.

मी घरी कोणाला सांगितलं नाही. माघ गेला, फाल्गुन गेला, चैत्र गेला. भाऊ सैल सदरे घालू लागला. वहिनी म्हणायची, बापाला मुलीची काळजी लागली की असंच होतं.

लग्नाला आम्ही दुपारी निघालो. भाची पुढे बापाशेजारी, वहिनी आणि मी मागे. सोनगडला अंधार पडला. तिथून गावापर्यंत एकाही ट्रकने डिपर मारला नाही. भाचीने बापाला विचारलं, "पप्पा, आज कोणी ओरडलं नाही तुमच्यावर?" तो म्हणाला, "कशाला ओरडतीन?"

लग्न लागलं. पाठवणीनंतर तो मांडवात खुर्चीवर बसला, तो उठला नाही. दुसऱ्या सकाळी त्याला भाड्याच्या गाडीने सुरतेला आणलं. मोटार मागाहून गावच्या एका ड्रायव्हरने आणून आवारात लावली.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून घटतंय?"

वहिनी म्हणाली, "महिना झाला असेल. लग्नाची धावपळ होती."

डॉक्टरांनी कागदावर एक महिना असं लिहिलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. भाऊ माझ्याकडे पाहत होता.

तो अठराव्या दिवशी गेला. डॉक्टर आधी म्हणाले होते की सहा महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

तेराव्यानंतर कारखान्यातून निरोप आला की गाडी हलवा, तिथे शेड घालायची आहे. मी गेले. मिस्त्री आलेला होता. त्याने चालकाचं दार उघडलं, वाकून सीटखाली हात घातला.

"आ शुं छे, बेन?"

त्याने दोन पोतड्या बाहेर काढल्या. मी एकच पाहिली होती. रंगखात्यात तोलून दिलेल्या प्रत्येक मालाला चिठ्ठी बांधतात. या दोन्हींना होती. पहिलीवर लिहिलेलं होतं: मीठ, चौदा किलो दोनशे. तारीख माघातली, दिवे पाहिले त्याच दिवसाची. लॉट नंबरची जागा कोरी, खाली भावाची सही.

दुसरीवर लिहिलेलं होतं: मीठ, सहा किलो. तारीख लग्नाला निघालो त्या दिवसाची. सही तीच.