काकांच्या वहीतला वैमानिक

सुधाकरकाका गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉलेजच्या बसमध्ये होते. "काका गेले. हार्ट अटॅक. थेट घरी ये." स्टेडियमकडे जाणारा रस्ता पुन्हा खणला होता, बस हलत नव्हती, आणि रडू येण्याऐवजी मला एक वाक्य आठवत राहिलं. ते मी काकांना खोटं सांगितलं होतं... काकांना जाऊन पाच आठवडे झाले. काकांबद्दल लिहायचं की त्या वाक्याबद्दल, हे अजून नीट कळत नाही.

काका मूळचे नाशिकचे. इथं आखातात, अल नस्र भागात, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. स्टेडियमच्या बांधकामावर ते क्रेनवाल्याला रेडिओवरून दिशा द्यायचे. उंच केबिनमधल्या क्रेनवाल्याला ओझं कुठं टेकतंय ते बरेचदा दिसत नाही, तो आवाजावर चालतो. दिवसभर बोलून काकांचा घसा बसलेला असायचा. आणि त्यांना नाद होता दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन वैमानिकाचा. अंधारात बॉम्बफेकी विमानं शोधून पाडणं हे त्याचं काम. जमिनीवरचा अधिकारी रडार बघून त्याला रेडिओवर सांगायचा, डावीकडे वळ, वर जा. मग तो त्या विमानाच्या पोटाखाली शिरून, वर रोखलेल्या तोफांनी पंखातली इंधनाची टाकी पेटवायचा. दोनदा त्याचंच विमान जळालं, तो पॅराशूटनं उतरला आणि जखम भरल्यावर पुन्हा उडाला. युद्धानंतर कैदेत राहिला, सुटल्यावर शेतीची अवजारं विकली. त्यानं हे कुणाच्या राजवटीसाठी केलं, असं मी विचारलं की काका म्हणायचे, "ते तू शिक आणि मला सांग."

हे सगळं ते मराठीत वहीत लिहीत होते. त्यांचं इंग्रजी साइटपुरतं, म्हणून शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी त्याच्यावरचं इंग्रजी मी वाचून सांगायची आणि ते लिहायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्याचं त्यांना फार कौतुक. "मास्तरीणबाई आल्या, चहा टाक," असं ते म्हणाले की काकू आतून विचारायच्या, "तुमच्या जर्मनालाही टाकू का अर्धा कप?"

मग साइटवर एका मजुराचा हात तुळईखाली चिरडला. त्या वेळी क्रेनला दिशा काकाच देत होते. चौकशीत त्यांची चूक निघाली नाही, पण कित्येक शुक्रवार त्यांनी वही उघडली नाही. उघडली तेव्हा एवढंच म्हणाले, "अगं, त्या विमानांत माणसं होती. त्याला नंतर वाईट वाटलं का? बघ जरा शोधून."

मला सापडलं. म्हातारपणी त्याला कुणीतरी हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, मला विमान दिसायचं, माणसं दिसायची नाहीत, आणि झोप कायम चांगली लागली.

काका पेन धरून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "वाटलं, काका. जन्मभर झोप लागली नाही म्हणे."

त्यांनी ते लिहून घेतलं. पेनाला टोपण लावून म्हणाले, "म्हणजे माणूस होता तर."

मागच्या आठवड्यात काकूंनी बोलावलं. ही वही छापून वर्षश्राद्धाला नातेवाइकांना वाटायची आहे, तू एकदा तपास, म्हणाल्या. मी तिथंच सगळं सांगून टाकलं. त्या मेथी निवडत होत्या, हात थांबले नाहीत. "त्या दिवसापासून यांना झोप लागायला लागली होती," त्या म्हणाल्या. आणि जुडी संपल्यावर, "छापायचं तर खरं छाप, बाळा. पण त्यांचं लिहिलेलं खोडू नकोस."

काका फक्त उजव्या पानावर लिहायचे. डाव्या पानावर दुरुस्ती, आणि तिच्यापुढं चूक कुणाची त्याचं नाव, ही त्यांची साइटवरची शिस्त. मी पानं उलटत गेले. मी चुकीची सांगितलेली गावं, विमानांचे चुकलेले प्रकार, सगळ्यांपुढं त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं... मी त्यांना आधार दिला की फसवलं, ते मला अजून ठरवता येत नाही. आज ते खरं वाक्य मी डाव्या पानावर उतरवलं, आणि त्याच्यापुढं माझं नाव लिहिलं.