सापाला आग्रह

मुलीनं ग्लासगोला नोकरी घेतली आणि जाताना तिचा साप लंडनमध्ये पिनरला माझ्याकडे सोडून गेली. तिकडे तिच्याबरोबर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीला साप चालत नव्हता. मला चालतो का, हे कुणी विचारलं नाही. कॉर्न स्नेक, केशरी, बिनविषारी, अडीच हात लांब. वरच्या मजल्यावर तिच्या जुन्या खोलीत काचेची पेटी आणि पेटीखाली उबेसाठी विजेची चटई. थंडीत मी बिलाच्या धाकानं शाल गुंडाळून बसायचे आणि हे महाराज वर उबेत पसरलेले.

भीती पहिल्या आठवड्यातच गेली. जळफळाट मात्र राहिला.

कारण मुलगी रोज फोन करायला लागली. आधी रविवारी बोलणं व्हायचं, तेही मी फोन केला तर. आता ऑफिस सुटलं की व्हिडिओ कॉल, आणि तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत पहिला प्रश्न, "आई, तो खाल्ला का?" तो आठवड्यातून एकदाच खायचा, पण चौकशी रोज. मी फोन पेटीसमोर धरून उभी राहायचे. ती त्याच्याशी इतक्या लाडिक आवाजात बोलायची की मला वाटे, ही शेवटची माझ्याशी अशी कधी बोलली होती? बहुधा बालवाडीत. मला ताप भरला तेव्हा "पॅरासिटामोल घे ना" असा मेसेज आला होता. आणि हा कात टाकायच्या आधी जरा सुस्तावला तर दिवसातून तीनदा फोन. सवत परवडली, तिच्याशी निदान भांडता तरी येतं.

गोठवलेले उंदीर माझ्याच फ्रीझरमध्ये होते, खोवलेल्या नारळाच्या शेजारी, टेप लावलेल्या डब्यात. एक काढायचा, गरम पाण्यात ठेवून मऊ करायचा आणि लांब चिमट्यात धरून पुढे करायचा. तो झडप घालायचा, मग सावकाश गिळायचा. एक उंदीर, आणि त्यानंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, असं मुलीनं बजावलं होतं.

एकदा तिच्या ऑफिसची सहल होती, त्यामुळे फोन येणार नव्हता. त्यानं उंदीर गिळला, मान वर केली आणि चिमट्याकडे बघत राहिला. ती नजर मी ओळखते. आमच्याकडे ताट संपवून वर बघणाऱ्याला कुणी तसंच उठवत नाही. शिवाय मुलगी गेली कित्येक वर्षं माझ्यासमोर ताटावर हात आडवा धरून "बस, आई, बस" म्हणत आली आहे, आणि इथे एक जण नाही म्हणत नव्हता. खरं सांगायचं तर मनात आणखीही एक होतं. याला मी फितवीन. ती येईल तेव्हा हा तिच्याकडे न जाता माझ्याकडे सरकेल, मग कळेल तिला कसं वाटतं ते.

मी दुसरा उंदीर वाढला. मग सापाला बाहेर काढून मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत बसले.

दोन दिवसांनी पेटी उघडली तर वासानं मागे सरले. दोन्ही उंदीर बाहेर पडले होते, तो कोपऱ्यात मलूल. माझ्या हातचं कुणी असं ओकून टाकलं नव्हतं. मी लगेच मुलीला फोन करून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं ती निघाली. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तिला मीटिंग होती, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली होती. आता कोटही न काढता तडक जिना चढून गेली. मी खाली चहाचा कप घेऊन उभी.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "इट्स ओके, आई," ती म्हणाली. "तो नो म्हणत नाही ना. आपणच स्टॉप करायचा असतो. आता दोन वीक्स काही नाही द्यायचं."

"दोन आठवडे उपाशी?"

"उपाशी नाही. रेस्ट."

तीन दिवस ती राहिली. पेटीशेजारी लॅपटॉप घेऊन काम केलं. जेवताना मी पोळी पुढे केली तसा ताटावर हात आडवा आला. मग म्हणाली, "मी त्याला घेऊन जाते. फ्लॅटमेट ओके आहे आता."

साप गेला की फोनही जाणार, हे मला त्याच क्षणी समजलं. राहू दे त्याला, मी नीट करीन, असं म्हणायला तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडानं म्हणणार? प्रवासाला त्याला पिशवी लागते म्हणून माझ्या उशीचा जाड अभ्रा काढून दिला. दारात तिनं मला एका हातानं जवळ घेतलं. दुसऱ्या हातात त्याचा डबा होता.

फोन पुन्हा रविवारवर गेले. मी "जेवलीस का?" विचारलं की "हो." काय जेवलीस विचारलं की "पास्ता." मग "बाय, आई."

म्हणून हल्ली तिचं ऑफिस सुटायच्या सुमाराला मीच फोन करते आणि आधी विचारते, "त्यानं खाल्लं का गं?" की ती सुरू होते. कसा गिळला, केवढा गिळला, नंतर कुठे जाऊन झोपला. पंधरा मिनिटं थांबत नाही, मध्येच हसतेसुद्धा. माझं ताट गार होतं, पोटात दुखायचं ते दुखतंच. ती थांबतेय असं वाटलं की मी घाईनं त्याच्याबद्दल आणखी काहीतरी विचारते.